पाठीराखा

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर फुटबॉल संघाच्या चाहत्यांना 'पाठीराखे' म्हणण्याची पद्धत आहे. लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. आम्हाला मात्र हा शब्द दर वेळी थोडा थांबवतो. संतवाङ्मयात पाठीराखा म्हणजे देव. घरात पाठीराखा म्हणजे थोरला भाऊ. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. आणि अमुक अध्यक्षांनी तमुक सदस्याची 'पाठराखण केली' असे छापून आले, की त्याच शब्दाला एकदम आरोपाचा वास येऊ लागतो. पाठ ही माणसाची अशी बाजू, की जी त्याची त्याला दिसत नाही. ती राखायला दुसरा कुणीतरी लागतो, आणि त्या दुसऱ्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नसते. देवापासून आरोपापर्यंतचा हा सगळा पल्ला एकाच माणसाच्या कारकिर्दीत पाहायचा असेल, तर दक्षिण कोरियाच्या होंग म्युंग-बो यांच्याकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

(होंग हे आडनाव. कोरियन माणूस आपले आडनाव आधी सांगतो, आपल्याकडच्या शाळेच्या हजेरीपटासारखे.)

आम्ही चार-पाच जण साहित्य शिकवतो. फुटबॉल हा काही आमचा अधिकाराचा प्रांत नव्हे. पण 2002 सालची विश्वचषक स्पर्धा कोरिया आणि जपानमध्ये झाली आणि तिथल्या वेळेमुळे सामने आपल्याकडे भर दुपारी दिसू लागले. जूनचा महिना, महाविद्यालये नुकतीच सुरू होत असलेली, बाहेर पाऊस. तेव्हापासून या माणसाचा नाद लागला तो लागलाच. पुढे तो खेळायचा थांबला, प्रशिक्षक झाला, आणि आमच्या चर्चांतून तो हळूहळू खेळाडूऐवजी एखाद्या कादंबरीतले पात्र असल्यासारखा येऊ लागला. कादंबरीतल्या पात्राचे आपण करतो तसे त्याचे गुणदोष काढणे, त्याच्या बाजूने भांडणे, त्याच्यावर रुसणे, हे सगळे झाले. या लेखात त्यातलेच काही आहे.

होंग यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1969 रोजी सोलमध्ये झाला. कोरिया विद्यापीठातून ते 1992 साली पोहांग या पोलादाच्या शहरातल्या संघात दाखल झाले. त्याच हंगामात संघाने कोरियन लीग जिंकली आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती होंग यांची. पहिलेच वर्ष, आणि त्यातून बचावपटू! गोल करणाऱ्यांची नावे लोकांच्या ओठांवर असतात. गोल होऊ न देणाऱ्याचे काम न घडलेल्या गोष्टींत मोजावे लागते, आणि न घडलेले मोजायचे कसे?

त्यांची जागा 'लिबेरो'ची. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ मोकळा. बचावफळीतल्या इतरांना प्रतिस्पर्ध्यांपैकी एकेक माणूस नेमून दिलेला असतो. त्याच्या मागे सावलीसारखे राहायचे. लिबेरोला कुणीच नेमून दिलेले नसते. तो आपल्याच माणसांच्या मागे उभा राहतो आणि फळीत जिथे खिंडार पडेल तिथे धावतो. सगळ्यांच्या मागे असल्यामुळे त्याला सगळे मैदान दिसते. म्हणूनच चेंडू हाती लागला (पायी लागला म्हणायला हवे) की तो पुढे सरकून चढाईची सुरुवातही करू शकतो. जर्मनीच्या फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी ही जागा अशा तऱ्हेने खेळून दाखवली, आणि आशियात ती होंग यांच्याइतकी कुणी शोभवली नाही. कोरियात त्यांना 'चिरंतन लिबेरो' म्हणत. महाभारतात अर्जुनाच्या रथाच्या चाकांचे रक्षण करणारे दोन पांचाल वीर आहेत, युधामन्यू आणि उत्तमौजा. डावे चाक एकाकडे, उजवे दुसऱ्याकडे. अठरा दिवस त्यांनी ते सांभाळले आणि शेवटी सौप्तिक पर्वातल्या रात्री अश्वत्थाम्याच्या हातून मारले गेले. वर्गात ही नावे विचारली तर क्वचितच कुणाला सांगता येतात. होंग यांचे वेगळेपण असे, की चाक राखणारा असूनही त्यांचे नाव झाले.

नाव झाले, पण फार उशिरा. 1990 साली इटलीतल्या विश्वचषकात ते एकवीस वर्षांचे होते. कोरिया तिन्ही सामने हरला. 1994 साली अमेरिकेत स्पेनविरुद्ध कोरिया 0-2 असा मागे होता, सामना संपायला पाच मिनिटे उरली होती, तेव्हा होंग यांच्या फ्री किकवर पहिला गोल झाला आणि पाठोपाठ बरोबरीचाही. जर्मनीविरुद्ध तर मध्यंतराला 0-3. डॅलसच्या रणरणत्या उन्हात उत्तरार्धात कोरियाने दोन गोल फेडले, त्यातला दुसरा होंग यांचा, लांबून मारलेला. सामना 2-3 असा गेलाच. 1998 साली फ्रान्समध्ये नेदरलँड्सने कोरियाला 5-0 असे धुतले. त्या पराभवानंतर कोरियन संघटनेने आपल्या प्रशिक्षकाला स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवले. नेदरलँड्सचे प्रशिक्षक होते गुस हिडिंक. ही नोंद लक्षात ठेवावी. मधल्या काळात होंग जपानमध्ये हिरात्सुका आणि काशिवा या संघांकडून खेळले. काशिवाने 1999 साली जपानचा लीग चषक जिंकला, आणि एका जपानी संघाने कोरियन माणसाला कर्णधार केले. 1910 ते 1945 या काळात कोरियावर जपानची सत्ता होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले वजन वेगळे सांगायला नको.

तर 2002. कोरियाने 1954 साली पहिला विश्वचषक खेळला होता, पण 48 वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता. आता यजमानपद, आणि प्रशिक्षक तेच हिडिंक. या डच माणसाने आल्यावर ज्या गोष्टी बदलल्या त्यांत आम्हा भाषेच्या मास्तरांना सर्वांत रस वाटला तो एका नियमात. कोरियन भाषेत वयाने मोठ्याशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते. मोठ्याला नावाने हाक मारता येत नाही, पुरुषाने पुरुषाला 'ह्योंग' म्हणजे दादा म्हणावे लागते. आपल्याकडे 'दे', 'द्या', 'द्यावे' आहे, पण आपली गाडी तीन डब्यांवर भागते. त्यांची पुष्कळ लांब आहे. हिडिंक यांना दिसले, की मैदानावर धाकटे खेळाडू थोरल्यांना हाक मारायला कचरतात. प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना 'दादा, आपण जरा मागे वळून पाहावे' एवढे बोलायला सवड कुठली? त्यांनी मैदानात आदरार्थी भाषा बंद केली. तिथून एक किस्सा कोरियात सांगितला जातो. एका धाकट्या खेळाडूने जेवणाच्या वेळी तेहतीस वर्षांच्या कर्णधाराला हाक मारली, 'म्युंग-बो, चल जेवायला!' म्हणे क्षणभर सगळे गप्प झाले. किस्सा सांगणारे तिथेच थांबतात. कर्णधार जेवायला गेला असणार. तो गेला नसता तर पुढचे काही घडलेच नसते, असे आमच्यातल्या एकाचे मत आहे, आणि ते आम्हाला पटते. अधिकार सोडून देता येणे हाही अधिकाराचाच एक प्रकार आहे.

पोलंडविरुद्ध बुसानमध्ये पहिला विजय. देजॉनमध्ये इटलीविरुद्ध जादा वेळेतला आन जुंग-ह्वान यांचा गोल. आणि 22 जून रोजी ग्वांगजूमध्ये स्पेन. त्या सामन्यात स्पेनचे दोन गोल नाकारले गेले आणि त्याबद्दल स्पेनमधले लोक अजूनही पंचांना क्षमा करत नाहीत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 0-0 नंतर पेनल्टी. स्पेनच्या होआकिन यांचा फटका ली वून-जे यांनी अडवला. पाचवी पेनल्टी कर्णधाराची. बारा वर्षे ज्या माणसाच्या चेहऱ्यावर पडद्यावर कधी काही उमटले नव्हते, तो चेंडू जाळ्यात गेल्यावर दोन्ही हात पसरून हसत धावत सुटला. आशियातला संघ उपांत्य फेरीत यापूर्वी कधी गेला नव्हता. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत ऑलिव्हर कान पहिले, रोनाल्डो दुसरे, होंग तिसरे. तिसरा क्रमांक एका आशियाई बचावपटूचा.

पण याच स्पर्धेतला त्यांचा शेवटचा सामना आम्हाला अधिक आठवतो. तिसऱ्या स्थानासाठी तुर्कस्तानशी गाठ. कोरियाने चेंडू सुरू केला, तो मागे होंग यांच्याकडे आला, तुर्की खेळाडूने त्यांच्या पायातून तो काढून घेतला आणि हाकान शुकूर यांनी गोल केला. अवघे अकरा सेकंद. विश्वचषकाच्या इतिहासातला तो सर्वांत जलद गोल ठरला. लिबेरोच्या मागे कुणी नसते, हे त्या अकरा सेकंदांत जितके स्पष्ट झाले तितके कुठल्याही पुस्तकात वाचून झाले नसते. सगळ्यांची पाठ राखणाऱ्याची पाठ उघडी असते. सामना 2-3 असा संपला, दोन्ही संघांनी हातात हात घालून प्रेक्षकांना अभिवादन केले, आणि कोरियात त्या चुकीबद्दल त्यांना कुणी बोल लावला असेल तर तो जल्लोषात विरून गेला.

136 आंतरराष्ट्रीय सामने खेळून, लॉस एंजेलिसमध्ये दोन हंगाम काढून ते 2004 साली थांबले. पुढचा भाग प्रशिक्षकाचा.

2009 साली वीस वर्षांखालील संघाला ते विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत घेऊन गेले. याच मुलांना हाताशी धरून 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत उतरले. इथे एक कायदा सांगायला हवा. कोरियात प्रत्येक सुदृढ पुरुषाला सुमारे दीड ते दोन वर्षे सैन्यात काढावी लागतात. खेळाडूच्या उमेदीची हीच वर्षे. ऑलिंपिकचे कुठलेही पदक किंवा आशियाई स्पर्धेतले सुवर्ण मिळाले तर यातून सूट मिळते. ग्वांगझूच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी संयुक्त अरब अमिरातीने गोल केला आणि सुवर्ण गेले, म्हणजे सूट गेली. त्यानंतर कांस्यपदकाचा सामना खेळायचा, ज्याच्या विजयाने व्यवहारात काहीच हाती लागणार नव्हते. इराणविरुद्ध 1-3 अशा पिछाडीवरून त्या मुलांनी सामना 4-3 असा जिंकला. प्रशिक्षक म्हणून होंग यांनी पुढे जे जे मिळवले त्या सगळ्यांपेक्षा हा निरुपयोगी सामना आम्हाला मोलाचा वाटतो.

2012 सालच्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना एक अनुभवी आघाडीवीर हवा होता, पार्क चू-यंग. पार्क यांनी मोनॅकोच्या वास्तव्याच्या परवान्यावर सैन्यसेवा लांबणीवर टाकली होती आणि देशभर त्यांच्यावर टीका चालली होती. पत्रकारांना सामोरे जायला ते तयार नव्हते. होंग स्वतः त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, हा सैन्यात गेला नाही तर याच्याऐवजी मी जाईन. कार्डिफमध्ये 10 ऑगस्ट रोजी कांस्यपदकासाठी समोर जपान. पहिला गोल पार्क चू-यंग यांनीच केला. सामन्याच्या अगदी शेवटी होंग यांनी एका बचावपटूला उतरवले, ज्याने त्या स्पर्धेत तोवर एक मिनिटही खेळलेले नव्हते. मैदानात पाऊल पडल्याशिवाय सुटीचा हक्क मिळत नव्हता. कोरियाला फुटबॉलमधले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले आणि कुणीही मागे राहिले नाही.

त्या वर्षी आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, की यालाच मराठीत काय म्हणायचे? कोरियन लोक 'उइरी' म्हणतात. चिनी अक्षरांनी लिहिला तर हा जपानीतला 'गिरी'च. निष्ठा म्हणावे तर ती खालून वर जाते. इमानही तसेच, आणि मिठाला जागणे तर अगदीच चाकराचे. उइरी वरून खालीही वाहते: थोरला धाकट्याला सोडत नाही. आम्हाला तेव्हा पाठराखण हा शब्द सुचला आणि फार नेमका वाटला. शब्दाची दुसरी बाजू तेव्हा कुणी काढली नाही. ती दोन वर्षांनी आपोआप निघाली.

जून 2013 मध्ये होंग राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. जो आपल्या क्लबकडून नियमित खेळतो त्यालाच संघात घेईन, असे तत्त्व त्यांनी सांगितले. 2014 सालच्या ब्राझीलमधल्या विश्वचषकासाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात पार्क चू-यंग होते. आर्सेनलने त्यांना वॉटफर्डकडे उसने दिले होते आणि तिथेही ते जवळजवळ खेळलेच नव्हते. संघातली बरीच नावे लंडनमधलीच. रशियाशी 1-1. अल्जेरियाविरुद्ध मध्यंतराला 0-3, शेवटी 2-4. बेल्जियमचे दहाच खेळाडू मैदानात उरलेले असताना त्यांच्याकडून 0-1. गटात शेवटचे स्थान. आता उइरी हाच शब्द शिवीसारखा फिरू लागला. त्याच वर्षी तांदळाच्या एका गोड पेयाच्या जाहिरातीने या शब्दाची आधीच टर उडवली होती, त्यामुळे तो सगळ्यांच्या तोंडी होता. इंचॉनच्या विमानतळावर संघ उतरला तेव्हा लोकांनी त्यांच्यावर 'यॉत' फेकले. यॉत म्हणजे तांदळाची चिकट गोळी. कोरियनमध्ये 'यॉत खा' ही शिवी आहे. 10 जुलै 2014 रोजी होंग यांनी राजीनामा दिला.

लंडनमध्ये जे सद्गुण होते तेच ब्राझीलमध्ये दुर्गुण ठरले, असे म्हणणे सोपे आहे, आणि आमच्यातल्या काहींनी तेव्हा तसे म्हटलेही. शोकात्म नायकाची व्याख्या वर्षानुवर्षे शिकवल्यावर माणसाला ती सगळीकडे दिसू लागते. पण आम्हाला आज वाटते, की फरक निकालापेक्षा अधिक होता. 2012 साली होंग यांनी पार्क यांची बाजू घेतली तेव्हा किंमत ते स्वतः मोजायला तयार होते. मी सैन्यात जाईन, असे ते म्हणाले होते. 2014 साली किंमत मोजली ती नियमित खेळत असूनही ज्यांचा विचार झाला नाही त्यांनी, आणि ज्यांची नावे यादीत नव्हती त्यांना ही पाठराखण कशी दिसली असेल, याची कुणी विचारपूस केली नाही.

हांगझूमधला चिनी संघ त्यांनी घेतला, तो 2016 साली खालच्या श्रेणीत घसरला. 2017 अखेर ते कोरियन फुटबॉल संघटनेत सरचिटणीस झाले, तीन वर्षे कार्यालयात बसले. मग उल्सान. या संघाचे वैशिष्ट्य म्हणजे दुसरे येणे. होंग आले त्या 2021 सालीही तो दुसराच आला. 2022 साली मात्र सतरा वर्षांनी लीग जिंकला, आणि 2023 साली पुन्हा. उल्सानच्या मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतले.

फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांना काढण्यात आले. पाच महिने शोध चालला. परदेशी उमेदवारांच्या मुलाखती झाल्या, निवड समितीच्या अध्यक्षांनी मधेच पद सोडले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात संघटनेच्या तांत्रिक संचालकांनी होंग यांची रात्री घरी जाऊन भेट घेतली. उल्सानच्या चाहत्यांना काळजी करू नका असे सांगून होंग यांना काही दिवसच झाले होते. 7 जुलैला त्यांची निवड जाहीर झाली. निवड समितीच्याच एका सदस्याने, पार्क जू-हो या माजी खेळाडूने, आपल्याला हे बातम्यांतून कळले असे उघड सांगितले. 10 जुलैला, राजीनाम्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, उल्सानच्या मैदानावर त्यांच्याच पाठीराख्यांनी त्यांची हुर्यो उडवली. सप्टेंबरमध्ये त्यांना संसदेच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. सांस्कृतिक मंत्रालयाच्या तपासणीत नेमणुकीची प्रक्रिया नियमाला धरून नसल्याचा निष्कर्ष निघाला.

यावर आमचे बरेच वाद झाले. एक बाजू म्हणते, लीग दोनदा जिंकलेला, ऑलिंपिक पदक मिळवलेला प्रशिक्षक. यापेक्षा लायक कोरियन माणूस कोण होता? हे खरेच आहे. पण आमच्यातली एक जण काही वर्षांपूर्वी एका साहित्य पुरस्काराच्या समितीवर होती. ज्येष्ठ सदस्यांनी पहिल्याच बैठकीत आपल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाचे नाव काढले. पुस्तक चांगले होते. तिने वाचून ठेवले होते आणि तिच्याही यादीत ते वरच होते. बाकीची पुस्तके मग कुणी उघडलीच नाहीत. ती सांगते, की त्या पुस्तकाचे तिला आजही वाईट वाटते, कारण ते स्पर्धेत जिंकले असते. आता ते जिंकले होते की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही, लेखकालाही नाही. होंग यांच्या बाबतीत आम्हाला हेच टोचते. ज्याची पाठ राखली जाते त्याची लायकीही त्या राखण्याने झाकली जाते.

5 सप्टेंबर 2024 रोजी सोलच्या मैदानात पॅलेस्टाईनविरुद्ध पहिला सामना 0-0 सुटला. पडद्यावर प्रशिक्षकाचा चेहरा आला की सगळे मैदान हुर्यो करी. सामना संपल्यावर बचावपटू किम मिन-जे प्रेक्षकांच्या कठड्यापाशी गेले आणि त्यांनी हातांनी खूण करून लोकांना आवरते घ्यायला सांगितले. होंग यांच्यानंतरचा कोरियाचा सर्वांत नावाजलेला बचावपटू, आपल्या प्रशिक्षकाच्या पुढ्यात उभा. लोकांना ते आवडले नाही.

त्यानंतर संघ जिंकत गेला. 5 जून 2025 रोजी बसरा इथे इराकला 2-0 असे हरवून कोरिया 2026च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला, आणि पात्रता फेरीत एकही सामना हरला नाही. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला सोलमध्ये पॅराग्वेशी मैत्रीपूर्ण सामना होता. तोही 2-0 असा जिंकला. साठ हजारांहून अधिक माणसे मावतात अशा त्या मैदानात साधारण बावीस हजार लोक आले होते. चित्रण पाहताना आम्ही खेळाकडे कमी आणि मागच्या रिकाम्या लाल खुर्च्यांकडेच अधिक बघत होतो. होंग बाकापुढे हाताची घडी घालून उभे होते, मैदानाकडे तोंड करून, खुर्च्यांकडे पाठ.